आठवी अट

"सातच आहेत," खिडकीतला कारकून माझे कागद मोजून म्हणाला.

"सातच लागतात ना?"

त्याने मान वर करण्याचेही कष्ट घेतले नाहीत. पेनचं टोपण माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे रोखलं. "वाचा."

मी वळले. अख्खी भिंत फिकट पिवळी, त्यावर निळी अक्षरं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'राष्ट्रीय आरोग्य विमा योजना. सर्वांसाठी. मोफत.' त्याखाली 'नोंदणीसाठी लागणारी कागदपत्रे' आणि दोन रकाने, चार अटी डावीकडे, चार उजवीकडे. ओळी अशा सरळ की त्यावर कपडे वाळत घालावेत. ती भिंत माझ्याच नवऱ्याने रंगवलेली. दीड महिन्यापूर्वी तीन दिवस शिडीवर उभा होता. मी कधी वाचली नव्हती. पेंटरच्या बायकोने नवऱ्याच्या सगळ्या भिंती वाचायच्या ठरवल्या तर ती संध्याकाळी घरी पोचायची नाही. कागदांची यादी मला ह्यांनीच तोंडी सांगितली होती. सात.

उजव्या रकान्यात सगळ्यात खाली होतं, '८. शेजाऱ्याचा ना-हरकत दाखला.'

"हे कशाला?"

"नियम आहे."

"माझ्या नवऱ्याच्या पोटाच्या ऑपरेशनला शेजाऱ्याची परवानगी?"

"परवानगी नाही हो बाई. ना-हरकत. फरक आहे."

"काय फरक?"

कारकुनाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. इतका सोपा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. "परवानगी म्हणजे त्याने द्यायची," तो म्हणाला, "आणि ना-हरकत म्हणजे त्याने... न देऊन चालत नाही. पुढे!"

मागची बाई मला कोपराने ढकलून पुढे आलीसुद्धा. तिच्या हातात आठ होते.

ह्यांना हर्निया आहे. वीस वर्षं शिडी खांद्यावर घेऊन फिरलं की पोटाने एक दिवस राजीनामा द्यायचाच. जांघेत लिंबाएवढी गाठ होती, तिचा आता पेरू झालाय. गाठ बाहेर आली की हे आडवे होतात आणि हाताने दाबून आत घालतात, जसं काही कपाटात गादी कोंबतायत. मी काज-बटणं करते, कपड्यांचे ढीग माझ्या आजूबाजूला, आणि त्या ढिगावरच हे आडवे. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, "आत जातेय तोवर ठीक. ज्या दिवशी बाहेर अडकेल त्या दिवशी आतडं काळं पडायला लागतं, मग दिवसांचा नाही, तासांचा हिशेब. महिन्याभरात ऑपरेशन करून घ्या. आणि घाबरू नका, योजनेत हे फुकट आहे. नाव नोंदवलं की कार्ड मिळतं. कार्ड दाखवलं की आम्ही काही विचारत नाही. फक्त नोंदणी वर्षातून दोनच महिने असते, आता बंद होईल. तेवढं बघा."

तेवढं बघायला मी गेले होते. नोंदणी बंद व्हायला अकरा दिवस होते.

बाहेर पडले तर झेरॉक्सवाल्याच्या दुकानात 'नमुना आठ' मिळत होता. छापील! 'मी खाली सही करणार असे लिहून देतो की, माझ्या शेजारी राहणाऱ्या अमुक यांना आजारपणात विम्याचा लाभ मिळण्यास माझी कोणतीही हरकत नाही.' वर 'योजना कार्यालयाने मंजूर केलेला' असंही होतं.

"कुठला शेजारी चालतो?" मी विचारलं.

"डावा," झेरॉक्सवाला म्हणाला. "दारात बाहेर तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला येतो तो. आधी कुठलाही चालायचा. लोक उजव्याला जाऊन भेटायला लागले, भांडणं झाली, मग खुलासा निघाला. पत्रक आहे. देऊ?"

मी डोळे मिटून आमच्या दारात उभी राहिले. डावा हात वर केला. आणि तिथेच, झेरॉक्सच्या दुकानात, माझ्या तोंडून जी शिवी गेली ती ऐकून मशीनमध्ये कागद अडकला.

आमच्या डाव्या हाताला काटा राहतो.

काटा म्हणजे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक. तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले. आता तराजू नाहीत म्हणून माणसं तपासतो. त्याला पेन्शन आहे, खात्याचा वेगळा विमा आहे, त्याला आमची कसलीच गरज नाही. आमच्या दोन घरांमध्ये एक सामाईक भिंत आहे. त्या भिंतीवर हे रंग लावून बघतात. बघतात म्हणजे काय, कुठल्याही कामाला जाण्याआधी ब्रशचा एक फटकारा, रंग जमलाय का ते कळायला. अठरा वर्षांचे फटकारे. ती भिंत आता दिसते कशी, तर एखाद्या मोराला भिंतीवर आपटून मारलंय अशी.

तरी गेले. पदर सावरून, आवाजात साखर घालून गेले.

"या, बसा," काटा म्हणाला. नमुना आठ त्याने दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. मग उठून आतून एक जाड वही घेऊन आला.

"वहिनी, पेंटरच्या पोटाशी माझं काही वैर नाही. देव करो आणि ते शंभर वर्षं जगोत."

"मग करा ना सही, काका."

"पण इथे लिहिलंय, 'कोणतीही हरकत नाही'. कोणतीही." त्याने वही उघडली. "माझ्या त्रेचाळीस आहेत."

मला वाटलं गंमत करतोय. नव्हता करत. एक नंबरची हरकत अठरा वर्षांपूर्वीची होती, तारखेसकट. 'शेजाऱ्याने सामाईक भिंतीवर हिरवा रंग लावला, आकार अंदाजे नऊ इंच.' सात नंबरला माझं नाव होतं, मी त्याच्या झाडावरचं लिंबू तोडलं होतं म्हणून.

"ते खाली पडलेलं होतं!"

"तुमचं म्हणणं मी बाजूला नोंदवून घेतो," म्हणत त्याने खरंच पेन उघडलं.

"अहो काका, ही ऑपरेशनची गोष्ट आहे. लिंबाची नाही."

"दाखला म्हणजे दाखला, वहिनी. मी तीस वर्षांत एक खोटा शिक्का मारला नाही. हरकत असताना नाही म्हणून लिहू? ते खोटं होईल. त्यापेक्षा आपण एकेक मिटवू या. रोज दोन घेतल्या तर बावीस दिवसांत होतं."

"अकराच आहेत."

"मग रोज चार," तो म्हणाला. आणि त्याच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, दुष्टपणा नव्हता, आनंद होता. माणूस निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा कामावर रुजू झाला होता.

आमच्या एकट्याचंच नशीब फुटकं होतं असं नाही. गेला महिनाभर आमची अख्खी गल्ली वेडी झाली होती, मला फक्त त्याचं कारण आत्ता कळलं. पिठाच्या गिरणीवालीने भर दुपारी गिरणी बंद ठेवायला सुरुवात केली होती, कारण तिच्या डाव्याला दुपारी झोपायचं असायचं. कोंबड्या पाळणाऱ्या म्हातारीने सगळ्या कोंबड्या बहिणीकडे पाठवल्या. रिक्षावाल्याने आपली रिक्षा तीन महिने शेजाऱ्याच्या मुलाला शिकायला द्यायचं कबूल केलं, आणि मुलाने पहिल्याच दिवशी ती शेजाऱ्याच्याच दारात घातली. मग शेजाऱ्याने नवीन हरकत घेतली. आणि गावाबाहेर एकटंच घर असलेला तो वीटभट्टीवाला! त्याला शेजारीच नाही. कारकुनाने सांगितलं, "शेजारी आणा." त्याने मेहुण्याला घराच्या डाव्या बाजूला पत्र्याची खोली बांधून दिली. मेहुणा राहायला आला, सामान लावलं, आणि सही करायला नाही म्हणाला. बहिणीला नीट वागवत नाही म्हणून.

फुकट योजना! जगात इतकी महाग फुकट गोष्ट मी पाहिली नाही.

मी रोज काट्याकडे जात होते. चार हरकती सकाळी. लिंबाबद्दल माफी लेखी दिली. सात वर्षांपूर्वी आमच्या रेडिओचा आवाज मोठा होता त्याबद्दल माफी दिली. रेडिओ त्याच्या आदल्याच वर्षी बिघडला होता, पण दिली. रोज घरी येऊन मी ज्याने हा नियम काढला त्याचा उद्धार करायची. कुठल्या रिकामटेकड्याच्या टाळक्यात हे आलं असेल, त्याचा हात झडो, त्याला सात जन्म डाव्या बाजूला काटाच मिळो. हे जेवता जेवता खाली मान घालून ऐकायचे. मला वाटायचं, दुखतंय.

सहाव्या दिवशी मी म्हणाले, "ज्याने ही आठवी अट काढली ना, त्याला माझ्यासमोर आणा, त्याच्या डोळ्यांना काजं करते आणि बटणं लावते."

ह्यांचा घास हातातच राहिला.

"अगं," हे म्हणाले, "त्या भिंतीवर ना... जागा उरली होती."

"कसली जागा?"

"साहेबांच्या कागदावर सातच होत्या. दोन रकाने आखले. डावीकडे चार बसल्या, उजवीकडे तीन. खाली एवढी मोकळी जागा." हातांनी दाखवली. "पडलेल्या दातासारखी दिसत होती गं. लांबून तर फारच वाईट. साहेब जेवायला गेलेले. आणि त्याआधीच्या महिन्यात मी बांधकाम परवान्याच्या ऑफिसची यादी रंगवली होती, तिथे आठवी तीच होती. हात आपोआप गेला."

मी ताट बाजूला सरकवलं.

"तुम्ही लिहिलं."

"हं."

"तुम्हाला वाटलं म्हणून."

"वाटलं म्हणून नाही. समतोल..."

"अहो, मग 'थुंकू नये' लिहायचं! 'पाणी जपून वापरा' लिहायचं! स्वतःचं नाव लिहायचं! जागाच भरायची होती तर एक फूल काढायचं होतं!"

"यादीत फूल?" हे म्हणाले. खरोखर दुखावले होते. "यादीत फूल चांगलं दिसतं का?"

मी उठून बाहेर गेले, कारण घरात कात्री होती. ओट्यावर उभी राहिले. समोर अठरा वर्षांचा तो मेलेला मोर. दीड महिना ह्या माणसाला माहीत होतं. म्हणून तर मला 'सात' सांगितले, म्हणून तर मला एकटीला पाठवलं, म्हणून तर गिरणी बंद झाली तेव्हा 'बरं झालं, शांत वाटतं' म्हणाले! ह्यांना वाटत होतं की अट आपोआप मिटेल. आपोआप! भिंतीवरच्या रंगाला हे स्वतःच दहा वर्षांची गॅरंटी देतात.

"उद्या साहेबांकडे," मी आत येऊन म्हणाले. "दोघंही. आणि तुम्ही बोलायचं."

साहेबांची खोली वरच्या मजल्यावर. साहेब मऊ बोलणारा, मऊ बसणारा माणूस, टेबलावरची प्रत्येक वस्तू टेबलाच्या कडेला समांतर. हे काही बोलेनात म्हणून मीच बोलले. सगळं सांगितलं. जागा, रकाने, दात, सगळं.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग ह्यांना म्हणाले, "ते तुम्ही होय? अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं."

आणि हे लाजले! पोटात आतडं निसटतंय, बायको बाजूला पेटलीय, आणि हे लाजले!

"साहेब, ती अट खोटी आहे," मी म्हणाले. "काढून टाका."

"कशाच्या आधारावर?"

"आधार कसला? हा माणूस समोर बसलाय. ह्याने मनाने लिहिली."

"पुरावा आहे?"

"तुमच्या मूळ कागदावर सात आहेत ना, तो काढा!"

"तो पेंटरकडे दिला होता."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "त्याला ब्रश पुसला," हे म्हणाले.

साहेब पुढे झुकले. "ताई, समजून घ्या. काम पूर्ण झाल्याचा फोटो आम्ही वर पाठवला. वरून मंजूर होऊन आला. म्हणजे आता ती भिंत मंजूर आहे. आजवर चारशे लोकांनी नमुना आठ दिलाय. उद्या मी म्हटलं की तो लागत नव्हता, तर पहिला प्रश्न येणार, मग घेतला का? शिवाय ही अट लावल्यापासून आमच्याकडे एकही बोगस अर्ज आलेला नाही."

"अर्जच कुठे येतायत!"

"तेच म्हणतोय मी." त्यांनी एक पत्र उचलून परत समांतर ठेवलं. "वरून शाबासकी आलीय. बाकीच्या कार्यालयांनीही ही अट लावावी का, असं विचारलंय."

"म्हणजे ह्यांच्या रिकाम्या जागेपायी अख्खा देश शेजाऱ्यांच्या पाया पडणार?"

"आवाज कमी. आणि एक लक्षात घ्या, सरकारी भिंतीवर मनाने मजकूर लिहिणं हा गुन्हा आहे. ह्यांनी लिहिलं असं तुम्ही सिद्ध केलंत, तर ऑपरेशन राहील बाजूला. त्यापेक्षा सही आणा. शेजारी आहे ना तुम्हाला? काहींना तर शेजारीही नाही."

जिना उतरताना हे मध्येच बसले. चेहरा चुन्यासारखा. गाठ बाहेर आली होती. तिथेच पायरीवर आडवे झाले, मी समोर पदर धरून उभी, आणि वरखाली जाणारे लोक आमच्यावरून पाय टाकून जात होते. एरवी दोन मिनिटांत आत जायची. त्या दिवशी अर्धा तास लागला. ह्यांच्या कपाळावरचा घाम मी पुसत होते आणि प्रत्येक मिनिटाला मनात एकेकाला फाडत होते. आधी साहेब, मग कारकून, मग काटा, मग हे. हे शेवटी, कारण ह्यांना फाडायला आधी जिवंत ठेवायला हवं होतं.

त्या दिवसापासून ह्यांना एकटं सोडून काट्याकडे जाता आलं नव्हतं, त्यामुळे शेवटच्या दिवशी त्याच्याकडे तेवीस हरकती शिल्लक होत्या. त्या दिवशीही मी गेलेच नाही. सकाळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या मिस्त्रीकडून हलकी शिडी आणली. घरातला फिकट पिवळ्या रंगाचा उरलेला डबा घेतला. ब्रश घेतला.

"काय करतेयस?" हे म्हणाले.

"चला. कार्डाच्या फोटोला तुम्ही लागताच. खिडकी एक ते दोन बंद असते."

कार्यालयात पन्नास-साठ लोक रांगेत आपापली जागा धरून बसलेले. शिपाई दारातच डबा खात होता. मला वाटलं, अडवेल. त्याने पाय आखडून शिडीला वाट दिली. आयुष्यात एक गोष्ट शिकले, हातात शिडी आणि रंगाचा डबा असला की माणूस कुठेही जाऊ शकतो. कागद नसला तर मात्र दवाखान्यातही जाता येत नाही.

हे बाकावर बसले, हात जांघेवर. मी शिडीवर चढले आणि 'शेजाऱ्याचा' या शब्दावर ब्रश मारला.

"आडवा मार, आडवा," खालून हे.

"गप बसा."

"कड सोडतेयस. रंग पातळ झालाय, खालचं निळं दिसतंय बघ. दुसरा हात लागेल."

"दुसरा हात मी तुम्हाला लावते खाली येऊन!"

रांगेत कोणीतरी हसलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं. "ए बाई! आठवी पुसतेय ती!"

मला वाटलं, लोक टाळ्या वाजवतील. हात जोडतील. ज्या अटीने सगळ्यांच्या गळ्याला फास लावला ती मी पुसत होते. आणि लोक काय म्हणाले?

"पुसायची नाही!" गिरणीवाली ओरडली. "मी महिनाभर दुपारची गिरणी बंद ठेवली, ती काय उगाच? आम्ही आणला ना दाखला? मग हिला का नको?"

"मेहुण्याला खोली बांधून दिली मी!" वीटभट्टीवाला. "ती काय पाडू आता?"

"अरे गाढवांनो," मी शिडीवरूनच फिरले, "तुम्हाला फसवलंय! ही अट नव्हतीच कधी! ह्या माणसाने जागा उरली म्हणून लिहिली!"

सगळ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी बाकावरून अर्धवट उठून नम्रपणे मान हलवली.

"मग तर मुळीच पुसू देणार नाही," कोंबड्यांवाली म्हातारी म्हणाली. "नसलेल्या अटीपायी माझ्या कोंबड्या गेल्या, असं गावाला सांगू? असलेल्या अटीपायी गेल्या हेच बरंय."

त्यांच्या आरड्याओरड्यात मी 'दाखला'पर्यंत पोचले. ब्रश '८' वर नेला.

"थांब!" हे ओरडले.

मी थांबले. वाटलं, गाठ अडकली.

"आठ राहू दे गं," हे म्हणाले. "आकडा तरी राहू दे. पूर्ण भिंतीत तेवढाच एक मनासारखा उतरलाय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. शिडीवरून, हातात गळता ब्रश. लग्नाला एकवीस वर्षं झाली, आणि ह्या माणसाचा जीव कशात आहे ते मला त्या क्षणी नीट कळलं. पोटात नव्हताच. बोलायला तोंड उघडलं आणि खडाड् करून खिडकी वर गेली. दोन वाजले होते.

कारकुनाने भिंतीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. शिडीकडे पाहून त्याचं समाधान झालं असावं, कामगार दिसतायत. मी ब्रश डब्यात टाकून पहिली खिडकीवर पोचले, पिवळ्या हातांनी कागद सरकवले.

त्याने मोजले. "सात."

"भिंत वाचा," मी म्हणाले. ह्या क्षणाची मी अकरा दिवस वाट पाहिली होती.

त्याने वाचली. ओठ हलवत, एक ते सात. मग थांबला. "आठ आहे."

"आठमध्ये काही लिहिलेलं नाही!"

"पण आठ आहे." त्याच्या आवाजात माणुसकी नव्हती, पण शंकाही नव्हती. "आठ अटी तर आठ कागद. मी कमी घेतले तर माझी नोकरी जाईल."

मागून गिरणीवाली खुशीत म्हणाली, "बघ!"

मला काय झालं माहीत नाही. डोकं इतकं तापलं की गार पडलं. मी कार्यालयात कागद पोचवायला आलेल्या झेरॉक्सवाल्याच्या नोकराच्या हातातल्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद ओढला आणि कारकुनापुढे आपटला. त्यावर माझ्या बोटांचे चार पिवळे ठसे उमटले.

"हा घ्या आठवा."

त्याने कागद उलटा केला. सुलटा केला. "ह्याच्यावर काही लिहिलेलं नाही."

"भिंतीवर तरी लिहिलंय का?"

तो विचारात पडला. कारकुनाने भिंतीवरचा कोरा आठ पाहिला, टेबलावरचा कोरा कागद पाहिला. दोन्ही जुळत होते. त्याने शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि त्या कोऱ्या कागदावर, बरोबर मध्यभागी, मारला. "आठ," तो म्हणाला. "पेशंटला फोटोला उभं करा."

कार्ड हातात आलं तेव्हा मागे झेरॉक्सवाल्याच्या नोकराभोवती झुंबड उडाली होती. कोरे कागद संपत आले होते. गिरणीवालीने दोन घेतले. तिच्याकडे सही केलेला दाखला असतानाही घेतले. असू द्यावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात दाखल झाले, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. सकाळी सिस्टर संमतीपत्र घेऊन आली. बारीक अक्षरात अकरा कलमं.

"इथे सही करा."

"वाचते."

"सगळे नुसती सही करतात."

"माहितीय मला सगळे काय करतात."

मी एकेक ओळ मोठ्याने वाचली. शेजारच्या खाटेवरचे लोक उठून बसले. नऊ नंबरला होतं, 'रुग्ण बरा झाल्यास नातेवाइकांनी तसे तीन दिवसांत लेखी कळवावे.'

"हे कोणी लिहिलं?"

"फॉर्ममध्ये आहे ते."

"फॉर्ममध्ये आहे ते दिसतंय मला. लिहिलं कोणी? बरा झालाय की नाही हे तुम्ही आम्हाला सांगायचं की आम्ही तुम्हाला?"

"पहिल्यापासून आहे हो ताई."

"कोणाच्या पहिल्यापासून?"

सिस्टरला उत्तर माहीत नव्हतं. तिच्या आधीच्या सिस्टरलाही नसणार. मी पेन घेतलं, नवव्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, मग दुसरी, मग कागद फाटेस्तोवर, आणि खाली सही केली. सिस्टरने कागद घडी करून फाइलमध्ये टाकला. बघितलंसुद्धा नाही.

दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टोपी काढून म्हणाल्या, "झालं व्यवस्थित. पण आतडं अडकायला लागलं होतं, रंग बदलत होता. अजून काही तास गेले असते तर कापावं लागलं असतं. इतके दिवस काय करत होतात तुम्ही?"

मी लिंबाबद्दल माफी मागत होते. रेडिओबद्दल मागत होते. असं सांगायचं होतं, पण मी नुसतं कार्ड पदराला पुसून पिशवीत ठेवलं.

आत गेले. हे अर्धे गुंगीत, ओठ सुकलेले, नाकात नळी. मला बघून हसले. त्या खाटेपाशी उभी राहून मी अकरा दिवस साठवलेलं सगळं तोंडात गोळा केलं. साहेबाचं, कारकुनाचं, काट्याचं, त्या रिकाम्या जागेचं, आणि त्या आठाचं.

"रागावलीस?" हे पुटपुटले.

मी पांघरूण त्यांच्या गळ्यापर्यंत ओढलं.

"आधी पूर्ण शुद्धीवर या," मी म्हणाले. "मग सांगते."